हद्दीवरचं दगडफूल

"बाबा, हा चुना कोणी लावला?"

प्रभाकररावांना वाटलं, पोरगी कौतुक करतेय. "मीच. खालून गेरू, वरून चुना. आता ये म्हना वाळवीले."

तृप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुऱ्हाणपुरातल्या त्यांच्या घरामागच्या आंब्यावर तिला एक राखी दगडफूल सापडलं होतं. मसाल्यातल्या दगडफुलाची ही लांबची भावकी, सालीला असं चिकटलेलं की साल कापल्याशिवाय निघत नाही. त्या प्रजातीत जगभर तीनच जाती, ही चौथी. नुसत्या फोटोवर नाव देता येत नाही, खरा तुकडा जपून ठेवावा लागतो. तो काढायला ती आज छिन्नी घेऊन आली, आणि पाच वर्षांच्या संशोधनाची मेहनत चुन्यात गेलेली.

"मी फोनवर काय बोलले होते? झाडाले हात लावू नका."

"हात कुठं लावला? ब्रशनं लावला."

"बाबा, दिमाग खराब करू नका."

"अवं, खरूज झाली होती झाडाले. त्या खरजेपायी बापावर भडकते तू?"

"तिले तुमचंच नाव देणार होते मी."

प्रभाकरराव ओला फडका घेऊन खोड घासू लागले. चुन्याबरोबर सालही निघाली. ते आधी फडक्यावर चिडले, मग चुना विकणाऱ्यावर.

तृप्ती झाडाला वळसा घालून गेली आणि थबकली. आंबा नेमका हद्दीवर होता. शेजारच्या धोंडूभाऊंकडची बाजू कोरी होती. सात वर्षांच्या भांडणाला जागून प्रभाकररावांनी तिकडे ब्रशच फिरवला नव्हता. त्याच्या बाजूचं त्यानं रंगवावं. तिथे रुपयाएवढं दगडफूल शाबूत होतं.

धोंडूभाऊ कुंपणाशी उभे राहून सगळं ऐकत होते. "काढ बेटा, खुशाल काढ. पण माह्या बाजूचं हाय. नाव माह्यंच लागीन."

"धोंड्या, खबरदार..."

"बाबा, तुम्ही एक शब्द बोलू नका," तृप्ती म्हणाली आणि तिनं छिन्नी लावली.

संध्याकाळी धोंडूभाऊंनी गल्लीभर मावा जलेबी वाटली. प्रभाकरराव भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"हे नाव नंतर बदलते का?"

"नाही. कायमचं."

"अन् ते असते काय, आखिर?"

"बुरशी. पोटात शेवाळ सांभाळून जगते. नाव बुरशीचंच धरतात."

प्रभाकरराव हळूच वळले. "म्हंजे धोंडूचं नाव बुरशीले?"

"हो."

"त्याले सांगितलं?"

"अजून नाही."

"सांगू नको. छापून येऊ दे." आणि त्यांनी जलेबीचं ताट जवळ ओढलं.