हालवार एकेलुंड यांचे अर्ध्या मुखाची मोहीम

रूसलागन नामें उत्तरेकडील किनारप्रांतींचें हें वर्तमान पाहिलें तैसें लिहिलें, ऐकिलें तें गाळून लिहिलें. लेखणीस डाग नाहीं, बुटांस असल्यास वाचणारांनीं पाहून घ्यावें.

ते समयीं ऑगस्ट सरत आला होता, रान ओलें होऊन सोनपिवळी अळंबी मातली होती, आणि राजश्री हालवार एकेलुंड, अळंबी-मुलखाचे मिरासदार, वय वर्षें एकाहत्तर, यांचे मुखाचा डावा परगणा एके सकाळीं अकस्मात ढासळला. पापणी मिटेना, कॉफी ओठांतून दाढीवर उतरे, अर्ध्या मुखावर ग्रीष्म नांदे आणि अर्ध्यावर बर्फ पडे. मग राजश्री गांवचे दवाखान्यांत दाखल जाहले आणि शिरस्त्याप्रमाणें बूट दाराशीं उतरविले.

वैद्यविद्यानिपुण डॉक्टर सिग्ने, राजधानीहून नूतन आलेल्या, यांणीं हात, पाय, वाचा पारखून पक्षाघात बाद केला आणि रानांतील गोचिडीचे दंशानें चेहऱ्याची नस बिघडल्याचा संशय धरिला. परंतु या किनाऱ्यास कित्येकांचे रक्तांत जुन्या दंशांचे दाखले पडून असतात, सबब हकीकतीवांचून तपासणी भलतीच वाट दाखवी. त्यांत वरिष्ठांचा खलिता, कीं उगाच नमुने धाडूं नयेत. आणि कण्याचें पाणी काढविणें तर थोरल्या इस्पितळीं रवानगी. म्हणोन हुकूम जाहला, रुग्णानें रानांत कोठें व केव्हां गेलों तें निवेदावें.

राजश्रींस हें निवेदणें अवघड. कारण शेजारीं सुई घेऊन उभ्या होत्या परिचारिका गुनबोर्गबाई, अळंबीचे शोधांत तीस वर्षांच्या प्रतिस्पर्धी; आणि हालवारांनीं आपली जागा पत्नी मृत्युशय्येवर असतांही तिजला सांगितली नव्हती.

"घरीच होतो," हालवार अर्ध्या तोंडानें वदले. "पुस्तक वाचत."

"अख्खा ऑगस्ट?" डॉक्टरांनीं पुसिलें.

"जाड आहे पुस्तक."

"तोंड असंच राहिलं ना, हालवार, तर निम्मी अळंबी खाताना सांडशील," गुनबोर्गबाई वदल्या.

"तू तुझी सुई बघ, गुनबोर्ग!"

मग डॉक्टरांची लेखणी कागदावर अधांतरीं राहिली. आणि विलंब जाहल्यास चेहऱ्याची नस कायमची फितूर होईल, हें तिघांसही ठाऊक. तेव्हां गुनबोर्गबाई दाराशीं गेल्या आणि ते बूट उचलोन आणिले. तळव्यांस पांढरी चुनखडीची माती, तींत पाइन झाडाचीं ताजीं सुईपानें.

"जागा मी विचारत नाही. पण हे बूट घरी बसलेले नाहीत, सिग्ने. लिही तपासणी."

हालवारांनीं डोळे मिटूं पाहिले, एक मिटला. कारण पांढरी माती त्या मुलखांत जुन्या खाणीखालीं, एकेच जागीं.

"घे रक्त," इतुकेंच वदले.

मग रक्तानें साक्ष दिली, कण्याचे पाण्यानें दुजोरा दिला, दोन हप्ते औषध चाललें, आणि सहावे हप्त्यांत डावा परगणा पुनश्च स्वाधीन जाहला. कॉफी दाढीस विसरली. ऐसी फत्ते जाहली.

पुढील ऑगस्टीं खाणीखालीं हालवारांस अळंबीचे नुसते कापलेले देंठ सांपडले. त्याच सप्ताहांत गुनबोर्गबाई गुडघ्यामागील गोचिडीचे दंशाचें तांबडें कडें दाखवावयास डॉक्टरांपुढें बसल्या. रानांत कोठें गेलां होतां, ऐसा सवाल जाहला.

"घरीच होते," गुनबोर्गबाई छताकडे पाहोन वदल्या.

डॉक्टर सिग्ने यांणीं दाराशीं बुटांकडे पाहिलें. पांढरी माती. ऐसे कड्यास तपासणी लागत नाहीं; औषध लिहोन दिलें. जागा दफ्तरीं नमूद नाहीं.