आमचे हे

देवरूखची थेट गाडी सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि गोदाकाकींचा नवरा खेडच्या स्टँडवर कुठेच दिसत नव्हता. "पाणी पिऊन येतो" म्हणून गेलेला माणूस अर्धा तास झाला तरी परतला नव्हता. मोबाइल काकींच्या पिशवीत राहिलेला. त्यात गेल्याच महिन्यात साखर उतरून तो भर बाजारात चक्कर येऊन पडला होता.

"काकी, मी गाडी धरून ठेवते. तू कंट्रोलरच्या खिडकीवर जा आणि काकांचं नाव पुकारायला सांग," असं म्हणत पुतणी ज्ञानेश्वरी गाडीकडे धावली.

काकी खिडकीकडे निघाल्या खऱ्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही त्या ऐन नावापाशी येऊन घरात पळाल्या होत्या. ज्ञानेश्वरी कॉलेजात भाषाविज्ञान शिकत होती. 'बायका न उच्चारत असलेली नावं' असा तिचा प्रकल्प होता. सकाळीच तिने कारण विचारलं, तेव्हा काकी म्हणाल्या होत्या, "नाव घेतलं की घोवाचं आयुष्य तुटतं. माझी आवस सांगायची."

खिडकीत कंट्रोलर नासिरभाई माइक पुढ्यात घेऊन बसले होते.

"आमचे हे हरवले," काकी म्हणाल्या.

"हे म्हणजे कोण? नाव सांगा."

"संस्कृतीचे बाबा."

नासिरभाईंनी तसंच पुकारलं. "संस्कृतीचे बाबा, असाल तिथून ताबडतोब या!"

मिनिटभरात दोन माणसं धापा टाकत खिडकीवर आदळली. दोघांच्याही मुलींचं नाव संस्कृती होतं. "काय झालं माझ्या पोरीला? शाळेत पडली काय?" म्हणत एकाने तिथेच मटकन बसकण मारली. दुसऱ्याने तोवर घरी फोन लावला होता आणि पलीकडे त्याच्या बायकोने रडायला सुरुवातही केली होती.

"अवो, तुमच्या संस्कृत्या बऱ्या हायत! माझ्या संस्कृतीचा बाप गेलाय!" काकी ओरडल्या.

'गेलाय' ऐकताच रांगेतल्या चार माणसांनी टोप्या काढल्या.

"तसा गेला नाय वो! हरवलाय!" काकींनी जीभ चावली.

नासिरभाईंनी घाम पुसला. "ताई, तुम्ही नाव नका घेऊ. नुसती खूण सांगा. मी ओळखतो."

काकींनी खूप विचार केला. "गणितात बघा, बेरीज, वजाबाकी, गुणाकार... आणि त्याच्या पुढचं. त्याला पाठी 'जी' लावा."

नासिरभाईंचा चेहरा उजळला. "गणिताचे गुरुजी, गणिताचे गुरुजी, खिडकीपाशी या!"

एक निवृत्त गुरुजी छत्री टेकत आले. "कुठलं गणित अडलंय?" त्यांनी मोठ्या उमेदीने विचारलं.

तिकडे गाडीने हॉर्न दिला. ज्ञानेश्वरी पायरीवर उभी राहून कंडक्टरशी भांडत होती. काकींच्या डोळ्यांसमोर कुठेतरी आडोशाला पडलेला नवरा आला. त्यांनी खिडकीतून हात घातला आणि माइक ओढला.

"भागोजी! अवो भागोजी! खय मेलात? गाडी सुटतेय!"

सगळा स्टँड थबकला. पण सगळ्यांत जास्त काकीच दचकल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं.

कॅन्टीनमागच्या सलूनमधून भागोजीकाका धावत आले. गळ्यात पांढरं फडकं, एका गालावर साबण, दुसरा गुळगुळीत. चेहरा पांढराफटक. "काय झालं? कोणाला काय झालं? माझं नाव तू घेतलंस म्हणजे..."

"काय नाय झालं. चला," काकी कशाबशा म्हणाल्या.

चिपळूण मागे पडेपर्यंत काकींनी नवऱ्याचं मनगट सोडलं नाही. "घाम येतोय काय? छातीत दुखतंय?" दर पाच मिनिटांनी हेच. काका मात्र अर्ध्या दाढीनिशी, गालावरचा वाळलेला साबण सलूनच्या फडक्याने पुसत होते. सावर्ड्याला त्यांनी दोन केळी खाल्ली आणि खणखणीत ढेकर दिली, तेव्हा कुठे काकींचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने त्या अगदी हळू म्हणाल्या, "भागोजी."

"अं?"

"काय नाय. बघितलं."

संगमेश्वरापर्यंत त्यांनी असं चार वेळा बघितलं. पुढच्या सीटवर ज्ञानेश्वरीने वहीत भराभरा लिहून घेतलं आणि मग ती मागे वळली.

"काका, आता तुम्ही. काकीचं नाव घ्या बघू."

"हिचं?" काका चमकले. "घेतो की. त्यात काय? आमच्या... ही आपली... ए, अगं..."

"नाव, काका."

काकांनी गाडीभर नजर फिरवली. त्यांचा गुळगुळीत गाल लालबुंद झाला.

"एवढ्या लोकांसमोर?" ते पुटपुटले आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.