बापूसाहेबांचे कान

पोराचे कान गेले, या काळजीनं अल्पनाची झोप गेली होती. घरातल्या बाकीच्यांची झोप शाबूत होती. तिच्या नवऱ्याची, धीरजची, तर इतकी शाबूत होती की या घरात कान नक्की कोणाचे गेलेत असा प्रश्न पडावा. ती कूस बदलायची, उसासा टाकायची, शेवटी 'अहो' म्हणायची. तो झोपेतच म्हणायचा, "सुबह देखते हैं." सकाळी तो फॅक्टरीची बस बघायचा.

पुरावा तिच्याकडे भरपूर होता. उन्हाळ्यापर्यंत ते तिघं मनावर गावी राहत होते, आणि तिथं पोराला गच्चीवरून हाक मारली तर तो खालच्या अंगणातून धावत यायचा. मग धीरजला देवासला नोकरी लागली, बिऱ्हाड सासरच्या घरात आलं, आणि पोरगा ऐकेनासा झाला. तिनं स्वयंपाकघरातून हाक मारावी, तो तखताखाली ट्रॅक्टर चालवतोय. तिनं शेजारी बसून हाक मारावी, तरी ट्रॅक्टर चालूच. मान वळत नाही, पापणी हलत नाही. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, हाक मारली तरी तेच.

आता या हाकेबद्दल थोडं सांगायला हवं. पोराचं नाव मालोजी. हे धीरजच्या आजोबांचं, म्हणजे माईंच्या सासऱ्यांचं नाव. सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, हा माईंचा नियम. सासरे केव्हाच गेले, नियम राहिला. मनावरला याची अडचण नव्हती, तिथं तो सरळ चिकू होता. देवासला आल्या दिवशीच माई म्हणाल्या, "चिकू हे फळ आहे. आपल्यात पोराला फळाच्या नावानं हाक मारत नाहीत." मग काय म्हणायचं? आजोबांना सगळे बापूसाहेब म्हणत, तर पोरगाही बापूसाहेब. आणि नावच असं भारदस्त, की त्याच्या मागोमाग 'अहो' आणि 'या-बसा' आपोआप आलं. साडेचार वर्षांच्या माणसाला 'बापूसाहेब, दूध घ्या' म्हणताना अल्पनाला पहिले दोन दिवस हसू यायचं. तिसऱ्या दिवसापासून ती माईंपेक्षा जास्त उत्साहानं म्हणू लागली. (सासरी नव्यानं राहायला आलेली सून नियम पाळत नाही, नियमाच्या पुढे धावते.)

कानाच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. डॉक्टर होते धिप्पाड, आवाज नगाऱ्यासारखा. त्यांनी कानात बॅटरी मारली, पाठीमागून विचारलं, "बेटा, टॉफी खाओगे?" पोरानं हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

पण अल्पनानं झूलॉजीत एमएससी केलं होतं. त्यात कानावर एक धडा होता, आणि तिच्या काळजीला तेवढा पुरे होता. तिनं टिपलं की धीरज संध्याकाळी दारातून घोगऱ्या आवाजात "काय भिया" म्हणतो, तेव्हा पोरगा धावत जातो. डॉक्टरांचा जाड आवाजही त्याला ऐकू आला. येत नाही तो फक्त तिचा आणि माईंचा. बायकांचा. बारीक. निदान उघड होतं: पोराचा ट्रेबल, म्हणजे बारीक पट्टीचा आवाज, गेला होता. आणि तो कशानं गेला हेही उघड होतं. देवासला येताना रस्ताभर धीरजनं त्याला आपले बस स्टँडवर घेतलेले हेडफोन लावून ठेवले होते, गाणी मोठ्यानं लावून.

"मेरे हेडफोन से?" धीरज म्हणाला. "मी दोन वर्षं तेच लावतोय."

"म्हणूनच तुम्हाला माझं ऐकू येत नाही."

यावर त्यानं खरोखरच काही ऐकू न आल्यासारखं केलं.

तिनं दार लावून धारला, माहेरी, भावाला फोन केला आणि चांगले हेडफोन मागितले. अंशुल लग्नांचं शूटिंग करायचा. नालछा ते बाग, आसपासच्या गावांत जिथं बँड वाजे तिथं तो असे. आवाजातलं घरात त्यालाच कळायचं.

"ताई, एवढ्याशा पोराला हेडफोन कशाला?"

"गाणी ऐकायला नाही रे. तपासायला."

"काय तपासायला, कान की हेडफोन?"

"आधी हेडफोन. त्यानंच बारीक आवाज खाल्ला तर पोराच्या कानावर आळ यायचा."

अंशुलला हे पटलं. मग म्हणाला, "भिया, बात तो सही है." (भिया म्हणजे भैया. तो सगळ्यांना भिया म्हणतो. आईलासुद्धा.) त्यानं समजावलं की घ्यायचे तर क्लोज्ड-बॅक घ्यावेत. त्यांच्या वाट्या बाहेरच्या बाजूनं बंद असतात. बाहेरचा गलका आत येत नाही, आतलं बाहेर सांडत नाही, म्हणून आवाज कमी ठेवूनही सगळं ऐकू येतं आणि कान वाचतात. त्याच्याकडे तीन जोड पडले होते, ते तो पाठवेल. तिनं एकच रेकॉर्डिंग तिन्हींवर ऐकावं, आणि ते तिला तोंडपाठ असलेलं हवं, तरच फरक कळतो.

पिशवी बसच्या ड्रायव्हरबरोबर आली. आणि तोंडपाठ रेकॉर्डिंग म्हटल्यावर तिला एकच सुचलं: स्वतःचं लग्न. अंशुल तेव्हा नवशिका होता. त्यानं कॅमेरा धरला होता हलता, पण एक चांगला माइक मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला होता, आणि मंगलाष्टकांचा तो आवाज तिच्या फोनमध्ये अजून होता.

दुपारी कुकर लावून, पोराला तखताखाली ट्रॅक्टरवर सोडून, ती कामाला बसली. माई पुढच्या खोलीत मेथी निवडत होत्या.

पहिला जोड दिसायला दणकट, आणि वाजायलाही. ढोल थेट छातीत बसला. पण गुरुजी पाण्याच्या टाकीत उभं राहून मंगलाष्टकं म्हणत असल्यासारखे वाटले, आणि 'सावधान' म्हणताना कोणाला सावध करतायत तेच कळेना. दुसरा जोड म्हणजे सुख. गाद्या अशा मऊ की कान माहेरी गेल्यासारखे. पण आवाज गोधडीतून आल्यासारखा. सनई होती की शेजारच्यांचं बाळ रडत होतं, सांगता येऊ नये. तिनं तो लावून जरा डोळे मिटले, आणि लग्न संपलं तेव्हा तिला जाग आली. (आरामाला पूर्ण गुण. तपासणीला शून्य.)

तिसरा जोड अंशुलच्या रोजच्या कामातला. गाद्यांची साल निघालेली, पट्टी चिमट्यासारखी. डोक्यावर चढवताच तिच्या कुड्या कानात रुतल्या. पण आवाज सुरू झाला आणि ती ताठ बसली. बायकांच्या बांगड्या वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. गुरुजींनी श्वास घेतलेला कळत होता. अक्षता पडल्याचा आवाज येत होता, अंतरपाटावर, पाटावर, कुणाच्या तरी पिशवीवर. ट्रेबल म्हणजे हेच. हाच जोड पोराला लावायचा, अक्षता ऐकवायच्या, आणि ऐकू आल्या की हात वर कर म्हणायचं.

तिनं खात्रीसाठी पुन्हा लावलं. आणि दुसऱ्या मंगलाष्टकाच्या शेवटी, बांगड्यांच्या मागून, अगदी जवळून, एक कुजबुज आली. ती याआधी कधीच ऐकू आली नव्हती. आवाज माईंचा होता.

"मुलगी गुणाची दिसते गं. पण भित्री आहे. नाकावर माशी बसली तरी हिला वाटेल, नाक गेलं."

अल्पनानं मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं. असा हेडफोन मिळणं कठीण. ती स्वतःशीच, अगदी हळू पुटपुटली, "मी भित्री? आणि तुम्ही मोठ्या शूर, मेलेल्या सासऱ्याचं नाव घ्यायला घाबरता."

बंद वाटीच्या हेडफोनचा एक गुण अंशुल सांगायचा विसरला होता. तो लावला की माणसाला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. अल्पनाचं हे पुटपुटणं पुढच्या खोलीत, अंगणात आणि बहुधा समोरच्या दुकानात पोचलं.

तिनं मान वर केली तेव्हा माई समोर उभ्या होत्या, हातात मेथीची जुडी. त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. अल्पनानं आदरानं मान हलवली. माईंनी पुढे होऊन एक वाटी तिच्या कानावरून उचलली.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही काय म्हणाला होतात, माई? आमच्या लग्नात. मी भित्री आहे म्हणून."

माईंनी आठवून पाहिलं. "म्हटलं असेन," त्या म्हणाल्या. "मग? खोटं निघालं का?"

अल्पनानं हेडफोन गळ्यात उतरवला. डोळे भरून आले. आणि तेवढ्यात तिला वास आला.

डाळ जळल्याचा. कुकर किती वेळ शिट्ट्या देत होता देव जाणे, आणि आता तर शिट्टीसुद्धा थांबली होती. (माई मेथी निवडताना सुनेच्या कुकरकडे लक्ष देत नसत, तोही नियम होता.) दोघी स्वयंपाकघराकडे वळल्या. कुकरच्या झाकणाच्या कडेनं धूर निघत होता, आणि ट्रॅक्टर चालवत चालवत पोरगा ओट्याला येऊन टेकला होता. अल्पनाच्या तोंडून किंकाळी फुटली, बारीक, चिरकी, निव्वळ ट्रेबल.

"चिकू, हट तिथनं."

पोरगा हटला. नुसता हटला नाही, ट्रॅक्टर उचलून दाराशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हट गया."

माईंनी गॅस बंद केला. खिडकी उघडली. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. घरात एवढी शांतता झाली की कुकर थंड होताना टकटक करत होता तेही ऐकू येत होतं.

माईंनी घसा साफ केला. "बापूसाहेब," त्यांनी हाक मारली. पोरगा ट्रॅक्टरचं चाक फिरवत राहिला. "अहो, बापूसाहेब." चाक फिरतच होतं.

"चिकू," अल्पना म्हणाली, जेमतेम ऐकू येईल इतकं हळू.

"क्या?" तो म्हणाला.

माई खाली बसल्या. गुडघे दुखत असूनही बसल्या. "मी रोज हाका मारते, तेव्हा का रे येत नाहीस?"

त्यानं आधी आईकडे पाहिलं, या प्रश्नात काही सापळा आहे का म्हणून. मग पुढच्या खोलीतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथं हार घातलेल्या फोटोत फेटा बांधलेले बापूसाहेब बसले होते. माई रोज सकाळी त्यांच्यापुढे हात जोडून म्हणत, बापूसाहेब, लक्ष असू द्या.

"आप तो उनको बुलाते हो," पोरगा म्हणाला. "वो आतेच नहीं."

माईंनी मान वळवून फोटोकडे पाहिलं. एवढे महिने त्या घरात दोघी जणी फोटोला जेवायला बोलावत होत्या, दूध घ्या म्हणत होत्या, शू करून या म्हणत होत्या, आणि पोरगा बिचारा मोठ्यांच्या मध्ये कशाला पडा म्हणून गप्प होता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून, एकेक अक्षर उंबरा ओलांडावा तसं ओलांडत म्हणाल्या, "चि-कू." आणि अल्पनाला म्हणाल्या, "फळ तर फळ. पोराचे कान चांगले आहेत, बाई. आता तरी झोप."

खरं तर इथं सगळं संपायला हवं होतं. पोरगा ऐकत होता. सासू चक्क एक नियम मोडून मोकळी झाली होती. कोणतीही शहाणी बाई उठून डाळ पुन्हा लावायला गेली असती. पण अल्पनाला एकदा खात्री झाली की दुसऱ्यांदा करून घ्यावीशी वाटते. गळ्यात हेडफोन लटकत असताना ती पोरासमोर उकिडवी बसली.

"चिकू, आई हळू बोलते तेपण ऐकू येतं तुला?"

"हां."

"दुसऱ्या खोलीतून?"

"हां."

"दार लावलेलं असलं तरी?"

"अल्पना, आता पुरे," माई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती, पहिल्यांदाच.

"एकच, माई. एकदाच खात्री." अल्पना पोराकडे वळली. आनंदानं तिचा आवाज कापत होता. "बरं, सांग बघू. आई दार लावून मामाशी फोनवर बोलत होती, तेव्हा काय म्हणाली?"

चिकूनं ट्रॅक्टर खाली ठेवला, आठवून पाहिलं, आणि माईंकडे बघत स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "मम्मी बोली, कान का तो ठीक है, मुँह पे लगाने का आता हो तो एक माईसाठी पण पाठव."