अस्वलसरांच्या शुभहस्ते

एका जंगलात, बाळांनो, एक प्रयोगशाळा होती. जंगलात प्रयोगशाळा कशाला, असं विचारू नका. अनुदान आलं होतं.

प्रमुख होते अस्वलसर. अकरा वर्षांत त्यांनी स्वतः एकही प्रयोग केला नव्हता. मात्र प्रत्येक प्रयोग सुरू व्हायचा तो त्यांच्याच शुभहस्ते. तिथली तशी पद्धतच होती.

त्यांच्या हाताखाली मंजुळा नावाची मुंगसाची पोर पीएचडी करत होती. करत होती म्हणजे सहावं वर्ष चालू होतं. तिला अमीनचा नायट्रो करून दाखवायचा होता. अमीन म्हणजे नासक्या मासळीसारखा वास मारणारा पदार्थ. त्याच्या नायट्रोजनला चिकटलेले दोन हायड्रोजन काढायचे आणि तिथे ऑक्सिडकाकडून, म्हणजे ऑक्सिजन देणाऱ्या द्रवाकडून, दोन ऑक्सिजन घेऊन बसवायचे. जमलं तर फिकट पिवळे स्फटिक मिळणार. नाही जमलं, तर गुरुवारी येणारी समिती शिष्यवृत्ती बंद करणार, आणि मंजुळाला वडिलांबरोबर साप मारायला जावं लागणार. सापांना ती भयंकर घाबरायची.

बुधवारी ती म्हणाली, "सर, ऑक्सिडक भरपूर हवा. त्यात अमीन थेंबथेंब सोडायचं. उलटं नको."

"उलटं केलं तर?"

"अर्धवट बदललेले रेणू न बदललेल्यांना गाठतात आणि त्यांच्या जोड्या जमतात. सगळा नारिंगी चिखल होतो."

"जोड्या जमल्या तर तुझं काय गेलं?" असं म्हणून सर मधाच्या पोळ्याकडे वळले.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष कोल्हा, आणि मान डोलवायला दोन ससे. शाल झाली, नारळ झाला. मग सरांनी ऑक्सिडकाचा चंबू उचलला आणि अमीनच्या बाटलीत ओतायला घेतला. तेवढ्यात फोटो काढणारं माकड म्हणालं, "सर, इकडे बघा." सरांनी तिकडे बघितलं, आणि ओतायचं अर्ध्यावरच राहिलं.

बाटलीत नारिंगी चिखल झाला.

कोल्ह्याने शेपटीचं टोक बुडवलं. ओढ्यावर जाऊन घासलं. रंग काही निघेना.

"राजेसाहेबांच्या छत्रीला शोभेल," तो म्हणाला.

"गेली सहा वर्षं मी याच रंगाच्या मागे होतो," सर म्हणाले. सशांनी माना डोलवल्या.

मंजुळा गुपचूप मागच्या ओट्यावर गेली. तिने प्रयोग सुलट केला. दुपारी बशीत फिकट पिवळे स्फटिक आले, तेव्हा तिला रडू फुटलं. तशीच धावत ती समितीसमोर गेली.

"पुस्तकात आहे तसंच झालंय?" कोल्ह्याने विचारलं.

"अगदी तसंच."

"मग यात तुझं असं नवीन काय?"

सर कुलगुरू झाले. मंजुळाची शिष्यवृत्तीही गेली नाही, उलट तीन वर्षं वाढवून मिळाली. काम एवढंच, की सरांचा तोच नारिंगी रंग पुन्हा करून दाखवायचा. सरांनी किती ओतलं होतं, ते कोणीच लिहून ठेवलं नव्हतं. माकडाच्या फोटोत फक्त सरांचा चेहरा आहे.

आता नववं वर्ष चालू आहे. मंजुळा रोज चिखल करते, पण छटा जुळत नाही. परवा तिने वडिलांना पत्र टाकलं. तुमच्याकडचे साप साधारण केवढे असतात, असं विचारलंय.

तात्पर्य: बरोबर केलेला प्रयोग कोणालाही पुन्हा करता येतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. चूक मात्र वरिष्ठांच्या हातूनच व्हावी, आणि त्या वेळी आपण वही घेऊन शेजारी उभं असावं.