विमानांच्या शेपट्या आभाळातून उतरविल्या त्याची हकिकत

श्रीवायूस वंदून वृत्त लिहिले जाते ते येणेप्रमाणे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक मासी, एके सायंकाळी राज्यातून विमाने गेली साठ, पैकी पांढरी शेपटी मागे टिकली ती एकवीस, आणि मोजणाऱ्या चिमणाबाई आगटे, हवापाहणीच्या नव्या कारभारीण. राज्याची चाल ऐसी की, ज्याची शेपटी आभाळी सर्वांहून अधिक टिके त्या सरदारास दरबारी शेला मिळावा, आणि तो सालोसाल विमानदळाचे सरदार रायाजीराव कोकाटे यांनी न्यावा. मग बाईंनी महाराजांस अर्ज केला की, "थंड, ओलसर थरातून विमान गेले म्हणजे धुरातील वाफ गोठते, शेपटी पसरून ढग होतो, आणि जमिनीची ऊब रात्री वर जावी ती अडते. तो थर चुकवावा." रायाजीराव गरजले, "बाई, शेपटीविना विमान म्हणजे मिशा उतरलेला सरदार!" बाई बोलल्या, "मिशा आपल्याच तोंडावर राहतात, सरदारसाहेब. शेपटीची गोधडी रयतेच्या अंगावर पडते." दरबार हसला. महाराज बोलिले, "प्रयोग करावा. फसल्यास बाईंनी कारभार सोडावा."

मग हुकूम सुटला की, सर्वांनी नेहमीहून दोन हजार फूट खालून जावे, आणि पहिले दिवशी शेपट्या निम्म्या जाहल्या. दुसरे दिवशी ओला थरच खाली उतरला, आणि हुकूम तर शिक्क्याचा, तो मोडणार कोण? साठही विमाने नेमकी त्याच थरात शिरली आणि आभाळ पांढरे जाहले. बाईंचे तोंड उतरले, परंतु मान उतरली नाही. म्हणाल्या, "हवेस शिक्का ठाऊक नाही, महाराज. उंची रोज मोजून ठरावी, आणि आघाडीच्या विमानाने मागच्यांस कळवावी. एक सायंकाळ द्यावी." आघाडीस जाण्यास कोणी उठेना. तेव्हा रायाजीरावच उठले: "मी जातो. जन्मभर उडालो, पण मागे काय राहते ते कधी वळून पाहिले नाही."

तिसरे दिवशी बाईंनी खालून हवा मोजून कळविले, "आज कोरडे वर आहे, वर चढावे." बिनतारीवर उत्तर आले, "वर? मग तर आमचा मान राहिला!" आणि रायाजीराव चढले, मागच्यांस उंची कळविली, आणि मागची सारी चढली, इंधन किंचित अधिक गेले ते सरकारने सोसले. महाराज शेला घेऊन मैदानी आले आणि वर पाहू लागले. रायाजीराव उतरताच बोलले, "शेला इकडे द्यावा. आज शेपटी नाही, आणि ती सर्वांआधी माझी नाही!" महाराज हसले, शेला दिला, आणि बाईंचा कारभार कायम केला. बाई मोजीत उभ्या होत्या.

सारांश: विमाने साठ, शेपट्या दोन.