तीस दिवसांची लाल चिठ्ठी

धामणमाळच्या ग्रामीण रुग्णालयात तीस खाटा, अकरा कर्मचारी आणि एक भांडारपाल होता. भांडारपालाचं नाव रत्नपाल खिल्लारे. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी त्याच्या टेबलावर नऊ पानांचं परिपत्रक येऊन पडलं: 'सुटसुटीत रुग्णालय अभियान'. रुग्णालयात अनावश्यक वस्तू, अनावश्यक हालचाल आणि अनावश्यक प्रतीक्षा फार वाढली असून ती जपानी पद्धतीने समूळ दूर करण्यात यावी, असा त्याचा आशय. रत्नपालने पहिली आठ पानं सरकारी कागद वाचतात तशी वाचली, म्हणजे उलटली. नवव्या पानावर मात्र तो थांबला. नव्वदच्या वर गुण मिळवणाऱ्या रुग्णालयाच्या अभियानप्रमुखाला बदलीत प्राधान्य मिळेल, असं तिथे लिहिलं होतं.

बदली ही काही त्याची हौस नव्हती. वसमतला त्याचे वडील अमृतराव दीड वर्षापासून लकव्याने अंथरुणाला खिळले होते. उभा जन्म बाजारात हळदीची पोती उचलण्यात गेलेला, त्यामुळे देह अजून दणकट. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागत, आणि घरात होती एकटी सपना, रत्नपालची बायको. तो शनिवारी दोन एसट्या बदलून घरी जायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचा. घरापासून पायी पंधरा मिनिटांवरच्या सरकारी दवाखान्यात भांडारपालाची जागा आठ महिने रिकामी होती. तिथली खुर्ची कोणत्या खिडकीशी आहे, हेसुद्धा तो बघून आला होता.

रत्नपालने अभियानप्रमुख म्हणून आपलं नाव दिलं आणि हिंगोलीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक बालाजी सर मूळचे शिरड शहापूरचे, पण जपानला आठ दिवस जाऊन आल्यापासून बोलताना थोडे वाकत. त्यांनी नियम सांगितला तो एकच. ज्या वस्तूला तीस दिवसांत कुणाचा हात लागला नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि कामाच्या जागेतून हलवायची.

"सर, शंका आली तर?" रत्नपालने विचारलं.

"शंका आली म्हणजेच चिठ्ठी लावायची वेळ आली," सर म्हणाले. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

खोटं कशाला बोला, पहिला आठवडा फार छान गेला. मोडक्या खाटा निघाल्या, चाकं नसलेली स्ट्रेचर निघाली, वीस वर्षांपूर्वीच्या कुटुंबनियोजनाच्या जाहिराती निघाल्या. एका कपाटामागे तर दुसरं कपाट निघालं. रुग्णालयाच्या मावशी पारुबाई सव्वीस वर्षं तिथे झाडू मारत होत्या. खालची फरशी लाल रंगाची आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. हे सगळं सामान मागच्या जुन्या गोदामात गेलं. त्या जागेचं नाव पडलं लाल खोली.

पण नियम असा असतो, की तो लागू झाला म्हणजे थांबवायचा कुणी? दुसऱ्या आठवड्यात रत्नपाल डॉक्टरांच्या खुर्चीपाशी आला. डॉ. रूपसिंग राठोड यांच्याकडे तीन रुग्णालयांचा कार्यभार होता. ते शुक्रवारी येत, जीपच्या बॉनेटवर सह्या करत आणि जात. खुर्चीवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं.

"साहेबाची खुर्ची हाय ती," पारुबाई म्हणाल्या.

"मावशी, महिनाभरात कुनी बसलं का तिच्यावर?"

"मांजर बसलं की."

मांजर हजेरीपटावर नसल्याने ते ग्राह्य धरता आलं नाही. खुर्चीला चिठ्ठी लागली. पाठोपाठ क्ष-किरण यंत्राला लागली, कारण ते चालवणाऱ्याचं पद तीन वर्षं रिक्त होतं. जनरेटरला लागली, कारण डिझेल नव्हतं. बाळंतपणाच्या टेबलाला लागली, कारण येणारी प्रत्येक बाई हिंगोलीला पाठवली जायची. हजेरीपटाच्या कपाटालाही लागली, कारण दोन-दोन महिन्यांची हजेरी एकदम आठवून भरली जायची. शेवटी सापाच्या इंजेक्शनांचा फ्रिज राहिला. त्या महिन्यात कुणाला साप चावला नव्हता. फ्रिजही गेला. पारुबाईंनी मात्र लाल खोलीत त्याची पिन प्लगला लावली. "चिठ्ठी लागली म्हून काय करंट तोडायचा व्हय?"

मग अनावश्यक प्रतीक्षेची पाळी आली. परिपत्रकानुसार रुग्णाने थांबणं हे सदोष व्यवस्थेचं लक्षण होतं. रत्नपालने दोन दिवस निरीक्षण केलं आणि त्याच्या लक्षात आलं, की लोक थांबतात ते बाकांवर. बाक लाल खोलीत हलवले. लोक फरशीवर बसले. तेव्हा फरशीवर पिवळे पट्टे मारून 'येथे बसू नये' असं लिहिलं. लोक कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले. लिंब रुग्णालयाच्या नकाशात नव्हता. सरासरी प्रतीक्षा: शून्य मिनिटे.

मे महिन्यात एका शुक्रवारी डॉ. राठोड आले. बॉनेट तापलेलं होतं, सहीला हजेरीपट हवा होता आणि हजेरीपटाचं कपाट लाल खोलीत होतं. ते तिथे गेले, आपली खुर्ची दिसली आणि घडीभर टेकले. आता खोलीत बाक होते, म्हणून लिंबाखालची माणसंही सावलीला तिथेच येऊन बसली होती. बसलेला डॉक्टर बघून रांग लागली. पारुबाईंनी फ्रिजमधून धनुर्वाताची इंजेक्शनं काढून दिली, टेबलावर चादर टाकली. डॉक्टरांनी त्रेपन्न रुग्ण तपासले आणि जाताना म्हणाले, "खिल्लारे, लई दिवसांनी कुनाची तरी नाडी धरली." पुढच्या आठवड्यात ते दोनदा आले.

रत्नपालच्या तोंडचं पाणी पळालं. लाल खोलीतल्या वस्तूंना आता हात लागत होता. म्हणजे चिठ्ठ्या खोट्या ठरत होत्या, सामान परत मूळ जागी न्यावं लागणार होतं आणि त्यामागून बाक, माणसं, थुंकी आणि डबे येणार होते. मूल्यमापन समिती तीन दिवसांवर आली होती. त्याने लाल खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि डॉक्टरांना तीन दिवस दुसरीकडचा कार्यभार बघायला सुचवलं.

"आन् या तीन दिसात कुनाला पान लागलं तर?" पारुबाईंनी विचारलं. साप चावला असं तोंडाने म्हणू नये, म्हणून तिकडे पान लागलं म्हणतात.

"मागच्या दोन महिन्यात लागलं का?"

"सापाला तुमचं परिपत्रक कुनी दिलंय का, रत्नपालदादा?"

पाहणीच्या आदल्या दिवशी साखरा गावचे सटवाजी आले. कडबा उचलताना बोटांना पान लागलं होतं. किल्ली रत्नपालच्या वरच्या खिशात होती. खिशावर हात ठेवून तो उभा राहिला. कुलूप काढलं तर उद्याच्या पाहणीआधी सगळं पुन्हा लावणं होणार नव्हतं, आणि डोळ्यांपुढे सपना दिसत होती, एकटीच, कंबरेला पदर खोचून त्याच्या वडिलांना वळवणारी. पारुबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याने बाजारच्या एका जीपला हात केला आणि सटवाजींना हिंगोलीला पाठवलं. सटवाजी वाचले, हाताची दोन बोटं तेवढी गेली. नोंदवहीत 'रुग्णाचा थांबा: दोन मिनिटे, तत्पर संदर्भसेवा' असं आलं आणि त्याचे चार गुण मिळाले.

समिती आली. लख्ख फरशी, पिवळे पट्टे आणि भिंतीवर कात्रीच्या आकाराची रंगवलेली जागा, त्यात कात्री. समितीचे अध्यक्ष रिकाम्या दालनातून दोनदा फिरले.

"रुग्ण कुठे आहेत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सर, प्रतीक्षा शून्य आहे," रत्नपाल म्हणाला.

अध्यक्षांनी मान डोलावली. असं रुग्णालय आपण पहिल्यांदाच बघतो आहोत, इतर ठिकाणी सगळी घाण रुग्णांमुळेच होते, असा शेरा त्यांनी लिहिला. सत्त्याण्णव गुण पडले. रत्नपालने तयार केलेला लाल चिठ्ठीचा तक्ता 'धामणमाळ नमुना' म्हणून सगळीकडे लागू झाला. फेटा, शाल, फोटो, सगळं झालं.

पंधरा दिवसांनी बदलीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, की श्री. खिल्लारे यांचं प्राधान्य मान्य करण्यात येत आहे. तथापि त्यांनी मागितलेलं भांडारपालाचं पद दहा महिने रिक्त असूनही संबंधित रुग्णालय चालू राहिलं, सबब गरज सिद्ध होत नसल्याने धामणमाळ नमुन्यानुसार ते पद कायमचं कमी करण्यात आलं आहे. खाली तक्ता जोडला होता. तक्त्याच्या तळाशी 'नमुना तयार करणार' म्हणून रत्नपालची सही होती, छापील.

त्या शनिवारी तो घरी गेला. सपनाने आणि त्याने मिळून अमृतरावांना कुशीवर वळवलं. वाकताना रत्नपालच्या खिशातून उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचं पुडकं अंथरुणावर पडलं.

"काय रे हे?" अमृतरावांनी विचारलं. त्यांचं अर्धं तोंड बोलायचं.

रत्नपालने नियम सांगितला. अमृतरावांनी चांगल्या हाताने एक चिठ्ठी उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

"मंग मला काहून न्हाई लावली अजून?"

"दादा, मानसाला नसते लावत."

"लिवलंय का तसं कुटं?"

रत्नपालने नऊही पानं मनातल्या मनात वाचली. या वेळी खरोखर वाचली. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. सपनाने सासऱ्यांच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि त्यांच्या पाठीला पावडर लावायला घेतली.

तुम्ही इथवर वाचलंत, मधूनमधून हसलात, सरकारला दोन शब्द सुनावलेत, बरं केलंत. आता पुस्तक मिटून आतल्या खोलीत जा. तिथे कुणी पडून असेल, तर त्याला तुमचा हात शेवटचा कधी लागला, तेवढं आठवून बघा. मुदत तीस दिवसांची आहे, आणि शंका आली तर काय करायचं, ते बालाजी सरांनी सांगितलेलंच आहे.