राई गेल्याची बातमी

बुद्धिबळ ज्याने शोधून काढलं त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याचं काम फारच सोपं होतं. त्याच्यासमोर निदान दुसरा खेळणारा बसलेला असणार! माझा खेळणारा नालासोपाऱ्यात आणि मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत. तरी मी डावपेचांचा असा एक खेळ तयार केला, की जगाने येऊन शिकून घ्यावा!

हा खेळणारा म्हणजे सदू. लहानपणी देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या दगडी ओट्यावर, कोळशाने पट आखून आम्ही दोघं वाघबकरी खेळायचो. तो बकऱ्या अशा लावायचा, की माझा वाघ कोपऱ्यात केविलवाणा होऊन बसायचा. पुढे तो नोकरीसाठी मुंबईला गेला. गेले दोन शिमगे तर आलाच नाही. विचारलं की एकच उत्तर, "सुट्टी नाय रे." मला त्याची इतकी आठवण यायची, की एकदा दुकानात वाढदिवसाचा बॅनर छापताना मी त्याचंच नाव टाकून बसलो! ज्यांचा वाढदिवस होता ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हो, माझं पोलादपुरात फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच वाया गेलेल्या बॅनरच्या मागच्या बाजूवर मी आमची वाडी आखली. सहाण, पाणवठा, देवळामागची राई, भातखाचरं. सैनिक बसवून जो जास्त जागा पटकावेल तो जिंकला. खेळणारे चौघं : मी, शेजारचे कोंडाजीकाका, त्यांच्या चंद्राकाकू आणि फोनवर पटाचे फोटो बघून सदू. झाली सुरुवात. आणि दुसऱ्याच दिवशी सदू म्हणाला,

"किशा, बोर होतंय रे. सगळं उघडं दिसतं. मजा काय हाय त्यात?"

 खेळ गेला तर हा फोनसुद्धा जाणार! मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, डोकं खाजवलं आणि दोन नियम वाढवले. पहिला गुपिताचा : कुणीही कुणाशी आतून हातमिळवणी करावी, बाहेर सांगायचं नाही. दुसरा बातमीचा : चौघांच्या ग्रुपवर ज्याने-त्याने बातमी सोडायची, खरी नाहीतर खोटी. बातमीला जितके अंगठे येतील, तितके सैनिक फुकट!

काय सांगू, खेळाला नुसता रंग चढला! हातमिळवणी करायला सदू सकाळ-संध्याकाळ फोन करू लागला, तोही दबक्या आवाजात. आमच्या इतक्या गप्पा वर्षभरात झाल्या नव्हत्या. मी सुखात होतो.

काकू मात्र हरत होत्या.

"किशोर, तिघांच्या अंगठ्यांत माझं काय भागतंय रे? जास्त माणसांनी वाचली तर चालंल ना?"

"चालेल की! बातमी म्हणजे गावभर झालीच पाहिजे!" मी ऐटीत म्हणालो.

आता आमच्या वाडीत घरटी एक माणूस मुंबईला. वाडीचा सगळा कारभार चालतो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर. देवळाला कुठला रंग द्यायचा तेसुद्धा तिकडून ठरतं! काकूंनी सरळ त्या ग्रुपवर बातमी टाकली : "कोंडाजीनी देवळामागची राई गुपचूप परक्याच्या हवाली केली. राई गेली!"

अंगठा एकही नाही. लालबुंद तोंडं मात्र ढीगभर!

लगेच मंडळाचे अध्यक्ष मालोजीदादा यांचा फोन. मला वाटलं, सदूने सांगितलं असणार, आपल्या खेळाची कीर्ती मुंबईत पोचली!

"किशोर, हे काय चालू हाय? राई कोणाला दिली?"

"ते गुपित हाय, दादा. नियमच हाय तसा."

"आणि तुला सगळं माहीत हाय?"

"म्हणजे काय! मी तर आतून काकांच्याच बाजूला हाय!"

फोन धाडकन बंद. मग ग्रुप उघडून पाहिला, आणि कीर्ती कसली ते कळलं. घाईघाईने लिहिलं, "ही बातमी खोटी आहे." खाली लगेच उत्तरं : "दाबतायत!" "किती खाल्ले?" काकांना वाटलं डावच चालू आहे. शत्रूला चकवायला त्यांनी ठोकून दिलं : "होय, दिली राई. काय करायचं ते करा."

शनिवारी मालोजीदादांनी जाहीर केलं : घरटी एक माणूस गाडीत बसलाच पाहिजे, रविवारी सहाणेवर बैठक! मी सगळ्यांना फोन करून खरं सांगायला हवं होतं. फोन हातात घेतलाही. पण मनात आलं, घरटी एक म्हणजे सदूच्या घरातून सदूच! दुसरं आहे कोण? मी फोन खाली ठेवला आणि बायकोला म्हणालो, "उद्या घावणं जास्त कर."

रविवारी गाड्यांची रांग लागली. मालोजीदादा उतरले ते थेट राईत शिरले. झाडं जागच्या जागी होती. तेवढ्यात काकूंनी सहाणेवर फ्लेक्स पसरून दाखवला.

"ही बघा गेलेली राई. अंगठे द्या आता!"

दादांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आलेच आहेत म्हटल्यावर कुणी चुलीपाशी गेलं, कुणी फ्लेक्सभोवती बसलं. थोड्या वेळाने दादाच ओरडत होते, "ए, खाचर माझं हाय!" ओस पडलेली सहाण माणसांनी भरून गेली होती. मी मात्र एकेका गाडीत डोकावत होतो. मागची सीटसुद्धा पाहिली. शेवटी फोन लावला.

"सदू, सगळी वाडी आली रे! तू कुठं हायस?"

"घरी. मी कशाला येऊ?"

"राईची बातमी वाचली नाय?"

"वाचली ना. पण खोटी हाय हे मला माहीत व्हतं. तूच तर नियम समजावलास!"

अख्ख्या मुंबईला मी एका खोट्यावर गावी आणलं, आणि ज्याच्यासाठी आणलं त्याला एकट्यालाच आधी फोनवर खरं शिकवलं होतं! मी फोन कानाला धरून सहाणेच्या कडेवर बसलो.

"किशा, हायस ना?" सदूने आवाज दबका केला. "सगळे राईत गुंतलेत ना? मग पाणवठा मोकळा हाय. तो मी घेतला."

काय करणार? नियमात बसत होतं. दिला!